काठीखालचा थर

युद्धाचं कारण म्हणून सरकारने मला बोलावलं. साक्षीदार म्हणून नाही, आणि नुकसानभरपाईसाठी तर नाहीच नाही. फोनवरचा माणूस थंडपणे म्हणाला, "निवृत्ती शेळके ना? वायरमन होता तुम्ही? हेतू आयोगातून बोलतोय. युद्धाचं कारण शोधताना तुमचा चेहरा सापडलाय. सोमवारी या."

"सापडलाय म्हणजे? हरवला कधी होता?"

"आल्यावर कळेल," म्हणत त्याने फोन ठेवला.

आता हे युद्ध कशासाठी झालं ते शेंबडं पोरही सांगेल. भोरकड्याचं धरण आमच्या वरच्या अंगाला आणि पाणी हवं खालच्यांना. दोन पावसाळे कोरडे गेले, धरणाचे दरवाजे बंद राहिले. खालच्यांनी जलसेना काढली, वरच्यांनी धरणरक्षक दल काढलं, पोलीस आपापल्या गावाच्या बाजूने फुटले. पुढची तीन वर्षं एका भाषेतल्या शिव्या देत माणसांनी एकमेकांवर ड्रोन सोडले. दोन्हीकडच्या झेंड्यांवर पाणी, भाषणांत पाणी, आणि तह झाल्यावर जी स्मारकं उभी राहिली त्यांच्यावरही पाणीच. मीही तेच समजून चाललो होतो. माझा पाय कायमचा वाकडा झाला, ड्युटीवरचा माझा जोडीदार इसाक शेख सबस्टेशनमध्ये जळून मेला, तरी निदान कारण तरी मोठं होतं, अशी मनाची समजूत घालत होतो.

आयोगाची इमारत म्हणजे जुनं कृषी महाविद्यालय. प्रयोगशाळेत डॉ. शलाका उपासनी म्हणून एक तरुण बाई होती. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि तिचं यंत्र दाखवलं. त्याचं नाव थरवाचक. केस वाळवायला पार्लरमध्ये डोक्यावर टोप बसवतात ना, तसा टोप आणि मागे फ्रिजएवढं कपाट.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, काका," ती म्हणाली. "आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदूतले तिचे सांधे सैल होतात आणि परत घट्ट बसतात. बसताना नवा माल लागतो, नवी प्रथिनं लागतात. म्हणजे दर वेळी आठवण थोडी नव्याने बांधली जाते आणि मधल्या काळात जे ऐकलं, पाहिलं, ते तिच्यात मिसळतं. भिंतीला दर दिवाळीला चुन्याचा हात देतात तसं. खालचे हात जात नाहीत, झाकले जातात."

थरवाचक हे हात मोजतो. टोपातून बारीक ध्वनिलहरी जातात, चुंबक त्यांचं उत्तर ऐकतात आणि कुठला सांधा आधी घट्ट झाला, कुठला मागाहून, ते कळतं. त्यावरून संगणक एकेका थराचं ओबडधोबड चित्र काढतो. अट एकच. माणसाने ते स्वतः आठवायला हवं. कुठला वास, कुठला आवाज, काहीतरी लागतं आठवण जागी व्हायला. ज्याला आठवायचंच नाही, त्याच्या डोक्यातून यंत्र काडीही काढू शकत नाही.

"आणि हे सगळं कशासाठी?"

"अभय कायद्यासाठी. हत्यार उचलताना ज्याची मनापासून समजूत होती की आपण आपल्या लोकांच्या हक्कासाठी किंवा मानासाठी लढतोय, त्याला अभय. समजूत चुकीची असली तरी चालेल, खरी हवी. वेगळं माहीत असूनही जो लढला, त्याच्यावर खटला."

मग तिने पडदा लावला. "खालच्या बाजूच्या सैनिकांना आम्ही विचारलं, कशासाठी लढलात? सगळे म्हणाले, पाण्यासाठी. वरचे थर पाण्याचेच आहेत. धरण, सभा, कोरडी विहीर. पण हे सगळं छावणीत गेल्यावर चढलेलं. वाघजवळा आणि आसपासच्या गावांतल्या जवळजवळ सगळ्यांचा पहिला थर हा आहे."

पडद्यावर राखाडी, पुसट चित्र. एक माणूस हातातला कोयता दोरावर घालतोय आणि त्याच्या डोक्यावर एक भली मोठी काठी कलंडतेय. माणूस मी होतो.

"आणि हा तुमच्या वरच्या बाजूचा पहिला थर." दुसरं चित्र. मी जमिनीवर आडवा, आणि माझ्यावर पडणाऱ्या लाथा. "आमच्या वायरमनला मारलं म्हणून उठले ते."

मला हसू फुटलं. मग हसता हसता एवढा संताप आला की चहाचा कप भिंतीवर फेकून मारला. माझ्यासाठी? मेल्यांनो, मला विचारलं होतं का कुणी? लाथा खाल्ल्या त्या मी. हॉस्पिटलात एक जण बघायला आला नाही, आणि माझ्या नावाने तुम्ही बंदुका उचलल्या!

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. हे मी पोलिसांना सांगितलं, साहेबांना सांगितलं, पत्रकारांना सांगितलं, पण छापून यायला त्यात चव नव्हती.

वरच्या आणि खालच्या गावांच्या मधल्या माळावर खंडोबा आहे. जत्रेला दोन्हीकडच्या गावांच्या काठ्या येतात. ताडमाड उंच बांबू, त्याला रंगीत कापड, टोकाला पितळी कळस. आधी नदीत न्हाऊ घालायची, मग चारी बाजूंनी दोर ताणून उभी धरत देवळापर्यंत न्यायची आणि शिखराला टेकवायची. पहिली टेकते ती मानाची काठी, आणि तो मान वाघजवळ्याचा. काठी वाटेत पडली तर गावाला वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. दोर धरणारा मरेल, पण दोर सोडणार नाही, अशी तिथली रीत.

वाटेवर अकरा हजार व्होल्टची लाइन आहे. म्हणून जत्रेत आम्ही लाइन बंद ठेवायचो. मी स्वतः बंद करून घेतली होती. पण देवळामागे एका पुढाऱ्याची सभा होती. मांडवातला माइक चालेना म्हणून त्याच्या माणसांनी सबस्टेशनवर दमदाटी केली. मला फोन आला तो लाइन चालू झाल्यावर. वर पाहतो तर वाघजवळ्याची काठी, ओलीचिंब, तारेपासून हातभरावर. तारेच्या अंगाला दोन दोर होते. एक ट्रॅक्टरला बांधलेला आणि दुसरा माझ्या भाच्याच्या, लिंबराजच्या हातात. मी ओरडलो, धावलो आणि नारळवाल्याचा कोयता उचलून ट्रॅक्टरचा दोर तोडला. काठी उलट्या बाजूला शेतात पडली आणि मोडली. माणूस एकही मेला नाही. त्यानंतर मला मारलं ते त्याच जिवंत राहिलेल्या माणसांनी.

तो पुढारी माइकवर काय बोलत होता माहीत आहे? पाण्याबद्दल. त्याच्या डोक्यावर टोप कुणी घातला नाही, कारण त्याने हत्यार उचललं नव्हतं. कायदा फक्त हत्यार उचलणाऱ्यांसाठी आहे.

"मग मला कशाला बोलावलं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "त्यांची समजूत खरी होती ना? सोडून द्या सगळ्यांना."

"बाकीच्यांची नाही, एकाचीच अडचण आहे. इसाक शेख यांच्या घरच्यांच्या वकिलाने हरकत घेतलीय." तिने पहिलं चित्र मोठं केलं. "हे लिंबराजच्या डोक्यातलं आहे. काठीखाली डावीकडे दोरापाशी कोण उभं आहे?"

मी डोळे बारीक केले. "लिंबराजच की."

"लिंबराजच्या आठवणीत लिंबराज दिसतोय. माणसाला आरशाशिवाय स्वतःचं तोंड दिसतं का, काका? ही त्याची आठवण नाही. हा व्हिडिओ आहे. गर्दीतून कुणीतरी काढला आणि खाली 'वरच्यांनी काठी तोडली' असं लिहून पाठवला, तो. त्याने इतक्या वेळा पाहिला की तो त्याचाच होऊन बसला. त्याच्याखाली अजून एक थर आहे. आहे एवढं दिसतंय, पण जागा होत नाही. व्हिडिओवर मूळ आवाज नाही, कुणीतरी गाणं चिकटवलंय. तुम्ही त्या क्षणी ओरडला होतात का?"

"होतो."

"तोच आवाज लागेल. पण आधी नीट ऐका. खालच्या थरात असं निघालं की लाइन चालू आहे हे त्याला कळलं होतं, तर त्याचं अभय जाईल. सबस्टेशनवरचा ड्रोन त्याने सोडलाय. तुम्ही नाही म्हणू शकता. तुमच्यावर सक्ती नाही."

आयोगाच्या फाटकाबाहेर आक्का बसली होती. माझी थोरली बहीण सिंधू. तिला वाघजवळ्यात दिली तेव्हा वरचे आणि खालचे असं काही नव्हतं, मधे होती फक्त एक एसटी. तीन वर्षांत आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. मला बघून तिने पदर सावरला आणि कसा आहेस, पाय कसा आहे, काही न विचारता थेट मुद्द्यावर आली.

"निवृत्ती, तू तोंड उघडायचं न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या वकिलानं सांगितलं. समद्या गावाची पोरं सुटायलीत. माझं एकटंच अडकायलंय, आन् तेबी तुझ्या आवाजापायी."

"आक्का, त्याने इसाकला जाळलं. माझ्या डब्यातलं खाणारा माणूस होता तो."

"लढाईत मारलं. लढाईत समदेच मारत्यात. तुमच्या लोकांनी काय हळदीकुंकू केलं का आमच्यात येऊन?"

"मी तुझ्या पोराला वाचवलं त्या दिवशी! हे तुमच्या एकाच्याही डोक्यात शिरत नाही? मी नसतो तर कोळसा झाला असता त्याचा!"

"वाचवलंस ना?" आक्का उठून उभी राहिली. "मंग आताबी वाचीव."

मी चडफडलो, वाकड्या पायाने फाटकावर लाथ मारली आणि मलाच लागलं. बरोबर होतं तिचं. आणि ते बरोबर होतं म्हणून मला तिचा जास्तच राग आला. नाही उघडत तोंड, असा शब्द देऊन मी परत आत गेलो. लिंबराजला एकदा बघायचं होतं, एवढंच.

तो टोपाखाली बसला होता. दाढी वाढलेली, एक कान अर्धा गेलेला. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या सायकलच्या नळीवर बसून डीपी बघायला यायचा तो हाच. मला पाहून त्याने मान खाली घातली नाही. मला वाटलं होतं घालेल.

"मामा, एक सांगायचं हाय. दुसऱ्याकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळू द्या. सबस्टेशनवर ड्रोन सोडला, तवा मला वाटलं तुम्ही आत हाव."

मला आधी नीट समजलंच नाही. "मी?"

"सोमवारची ड्युटी तुमचीच असायची ना? मला ठावं होतं. म्हणून तर त्या कामाला मी माझं नाव दिलं. छावणीत समदे पाणी पाणी करायचे, मीबी करायचो. पण मला काठी दिसायची आन् तुम्ही दिसायचाव."

पाय दुखत होता म्हणून त्या सोमवारी माझ्या जागी इसाक बसला होता. माझ्या सख्ख्या भाच्याने माणूस चुकीचा मारला, म्हणून मी त्याच्यासमोर उभा होतो. मी त्याच्या खाडकन मुस्कटात दिली. टोप वाकडा झाला. शिपाई धावला, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताने थांबवलं.

लिंबराजने गाल चोळला. "मारा अजून. पण मला सांगा, बाई म्हणायल्यात तुम्ही त्या दिवशी कायतरी वरडला होताव. काय वरडला होताव?"

मी त्याचा वाकडा झालेला टोप सरळ केला.

"सांगा ना."

"तुझ्या आईला शब्द दिलाय."

"तुरुंगात कोण जाणार, आई का मी?" तो एकदम चढ्या आवाजात बोलू लागला. "मला डोळं मिटलं की मीच दिसतो, मामा. दोरापाशी हुबा हाय, असा लांबून. कुणी दुसऱ्यानं मला बघावं तसा. येडं लागायची पाळी आली. मी त्या काठीपायी माणसं मारली. त्या वक्ताला मी तिथं होतो का नव्हतो, एवढं तरी कळू द्या मला. वरडा!"

"लिंबराज, विचार करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे परत झाकता येणार नाही."

"केलाय इचार."

तीन वर्षं मला हे जगाला ओरडून सांगायचं होतं, आणि आता ऐकणारा समोर बसला होता. आक्काचा चेहरा डोळ्यांपुढे आला, इसाकचाही आला. शेवटी मी डोळे मिटले आणि पोटातून ओरडलो, "लिंब्या, दोर सोड! लाइन चालू हाय! सोड!"

कपाट घुमलं. पडद्यावर आधी नुसती राख होती, मग हळूहळू चित्राने आकार धरला. हे खालून पाहिलेलं होतं. वर बांबू, त्याच्या टोकाला कळस, कळसाशेजारी तार आणि मधे एक पांढरी ठिणगी. मग नजर खाली आली. दोन हात, त्यांच्यात दोर. आणि ते हात उघडले.

डॉक्टरीणबाईंनी चित्र तिथेच थांबवलं.

"मी सोडला," लिंबराज म्हणाला. "तुम्ही कोयता मारायच्या आधीच सोडला. तुम्ही वरडलाव आन् मी सोडला." तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता. "काठी माझ्यामुळं पडली. मंग समदे तुम्हाला मारायले होते, आन् मी गप्प हुबा राहिलो. घरी गेलो तर त्यो व्हिडिओ आला. त्याच्यात माझे हात दिसत न्हाईत, मामा. तुमचाच कोयता दिसतो."

म्हणून इतक्या वेळा पाहिला होता त्याने. बाकीचे राग यावा म्हणून बघत असतील. हा विसरायला बघत होता. एका पोराच्या जिवापेक्षा बांबू मोठा, अशी रीत ज्यांनी घातली त्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यात माझे वाडवडीलही आले, कारण आमच्याही गावाची काठी आहे आणि आमचीही रीत तीच.

सुनावणी जुन्या सभागृहात झाली. दोन्हीकडचे लोक भरले होते, मधे पोलिसांची रांग. अध्यक्षांनी लिंबराजला विचारलं, "तुम्ही कशासाठी लढलात?"

त्याच्या वकिलाने त्याला पढवून ठेवलं होतं. खालचा थर अर्धवट आहे, संशयाचा फायदा मागता येईल, असं काय काय. लिंबराज उभा राहिला आणि म्हणाला, "दोर मी सोडला होता, ते कुणाला कळू नये म्हणून लढलो."

खालच्या बाजूने एकदम गलका उठला. 'गद्दार' म्हणून कुणीतरी चप्पल भिरकावली. गंमत म्हणजे वरच्या बाजूचेही खूश दिसेनात. त्यांना तो शत्रू असायला हवा होता, आणि हा निघाला घाबरलेला पोरगा. असल्या माणसावर स्मारक कुठलं बांधणार?

गलका थांबल्यावर लिंबराज म्हणाला, "साहेब, त्या दिवशी दोर धरायला मी एकटा नव्हतो. बाकीचेबी हाईत हितं. मामांचा आवाज त्यांनीबी ऐकला असंल. त्यांनाबी इचारा, खालचं बघायचं का म्हणून."

अध्यक्षांनी विचारलं. कायद्याप्रमाणे विचारावंच लागलं. काठीचे सगळे मानकरी एका बाकावर बसले होते, त्यांच्या पायात छावणीतलेच बूट. पहिला म्हणाला, नको. दुसरा म्हणाला, नको. पाठोपाठ सगळे नको म्हणाले. शेवटचा भारत, लिंबराजचा चुलतभाऊ, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "आमाला घरी जायचंय, साहेब." आणि मला त्या वाक्यावर धड रागावताही येईना. घरी कुणाला जायचं नसतं?

त्यांची समजूत खरी ठरली, त्यांना अभय मिळालं. फाटकाबाहेर हलगी वाजत होती, गुलाल उधळला जात होता. लढाईतल्या या सगळ्या सैनिकांत आपण काय केलं हे विचारायची हिंमत एकाने केली, आणि बेड्या पडल्या त्या त्याला. मी पोलिसांच्या रांगेतून ओरडून अध्यक्षांना हे सांगितलं. त्यांनी मला बाहेर काढायला सांगितलं.

लिंबराजची गाडी तुरुंगाकडे निघाली. वाघजवळ्याचं कुणी आक्काला आपल्या गाडीत घेईना, म्हणून मी जीप ठरवली. ती माझ्या शेजारी बसली ती सोडायला आलेल्या परक्या माणसाच्या शेजारी बसावं तशी. मला वाटलं, आता शिव्या देईल, छाती बडवेल. द्याव्यात असंच वाटत होतं मला.

घाट संपल्यावर ती बोलली. "खरंच वरडला होतास का रे तू, सोड म्हणून?"

"हो."

"मंग तवाच का न्हाई सांगितलंस? हॉस्पिटलातून सुटल्यावर यायचं होतंस. बहिणीच्या दारात येऊन सांगायचं होतंस. हे समदं झालंच नसतं."

"आलो होतो, आक्का. कुबड्या घेऊन आलो होतो. तुझ्या ओसरीवर उभा राहून सगळं सांगितलं. तुम्ही सगळे मोबाइलवर तो व्हिडिओ बघत होता. तू मान वर करून म्हणालीस, गप, ऐकू येईना झालंय."